मुखडा परत येतो तेव्हा

अंतरा संपवून गायक मुखड्यावर परत येतो, तेव्हा नेमके काय परत येते? शब्द तेच असतात, चाल तीच असते, ताल तर तोच चालू असतो. तरी ऐकणाऱ्याला ते ‘तेच’ वाटत नाही. खरे म्हणजे हा प्रश्न मला एम.ए.ला काव्यशास्त्राच्या तासाला पडायला हवा होता. तो पडला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बऱ्हाणपुरात, आमच्या इतवाऱ्यातल्या लग्नाच्या शूटिंगच्या एका दुकानात, संगणकाच्या पडद्यासमोर बसलेलो असताना. दरवर्षी या अंकासाठी मी एखाद्या कादंबरीवर किंवा कवितासंग्रहावर लिहितो. यंदा पुस्तक नाही. यंदा एका ध्वनिमुद्रणाची समीक्षा करायची आहे, आणि त्या मुद्रणातला मुख्य अपराधी मीच असल्यामुळे वाचकांनी थोडे सांभाळून घ्यावे.

दुकान माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे. शाळेत हा मुलगा मराठीत काठावर पास होई. आज त्याचा कान आणि हात पाहिला तर आपण त्याला कशात गुण दिले नाहीत याचा विचार करावासा वाटतो. २०२४ च्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त, आम्हां मंडळींच्या घरगुती कार्यक्रमात जात्यावरच्या ओव्या ऐकवायच्या असे ठरले होते. गाणारी होती माझी आत्या. वय वर्षे ८४. माहेर बऱ्हाणपूरचे, सासर रावेर तालुक्यातले. मामंजी गेल्यावर परत इतवाऱ्यात भावाच्या घरी, म्हणजे आमच्याकडे, आलेली. जाते आता माळ्यावर पडलेले. तिने ओव्या म्हटल्या त्या पलंगावर बसून, उजवा तळहात गुडघ्यावर गोल फिरवीत. मी मोबाइल उशीला टेकवून ठेवला आणि चाळीस मिनिटे मुद्रण केले. ते घेऊन दुकानात गेलो.

इथे थोडे यंत्राविषयी सांगायला हवे, कारण ‘कॉपी-पेस्ट’ हा शब्द आता आपल्या घरातल्या पोरांच्या तोंडी असला, तरी आवाजाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

आकाशवाणीच्या केंद्रांवर चुंबकीय फितीचा काळ होता तेव्हा संकलन म्हणजे खरोखरीची कापाकापी असे. फीत सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर पळे. अर्ध्या सेकंदात उच्चारलेला शब्द म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढा फितीचा तुकडा. संकलक रिळे हाताने मागेपुढे फिरवून शब्दाची सुरुवात कानाने शोधी, मेणाच्या पेन्सिलीने खूण करी, खाचेच्या पट्टीत फीत बसवून ब्लेडने तिरपा छेद देई आणि चिकटपट्टीने सांधा जोडी. छेद तिरपा का, तर सरळ छेदावर आवाज एकदम बदलतो आणि कानाला टोचतो. तिरप्या छेदावर एक आवाज उतरता उतरता दुसरा चढतो. पण कापणे सोपे होते, तरी प्रत काढणे सोपे नव्हते. एकच शब्द दोन ठिकाणी हवा असेल तर दुसऱ्या यंत्रावर त्याचे पुन्हा मुद्रण करावे लागे, आणि दर प्रतीगणिक खरखर वाढे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत आम्ही दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेटवरून कॅसेट काढीत असू. चौथ्या हातची कॅसेट ऐकताना गायक पावसात उभा राहून गातोय असे वाटे. ती खरखर तेव्हा शिव्या खाई. आज वाटते, ‘ही प्रत आहे बरं का’ असे ती इमानाने सांगत तरी होती.

आता आवाज आकड्यांत साठवला जातो. सीडीच्या मापाने एका सेकंदाचे ४४,१०० आकडे. आकड्यांची नक्कल केली की मूळ आणि प्रत यांत काडीचा फरक राहत नाही. कापा, उचला, चिकटवा हे तीन हुकूम आज आपण ज्या रूपात वापरतो ते मुळात लिखाणासाठी तयार झाले. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रूढ केले. टेस्लर २०२० मध्ये वारले. अक्षरांसाठी निघालेली ही युक्ती पुढे आवाजाला लागू झाली. २००० सालापासून ‘ऑडॅसिटी’ नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळू लागले, आणि जे काम एके काळी केंद्रावरचा अनुभवी माणूस करी ते इतवाऱ्यातल्या दुकानात होऊ लागले. यात वाईट काही नाही. मी फक्त वस्तुस्थिती सांगतो आहे.

पडद्यावर आत्याचा आवाज डोंगररांगेसारखा पसरलेला होता. पोराने एक डोंगर उंदराने निवडला, दोन कळा दाबल्या.

‘सर, पहिली ओळ मस्त आली आहे. दुसऱ्यांदा म्हणताना खोकला आला. पहिलीच उचलून दुसरीकडे टाकू का?’

‘कळेल का कोणाला?’

‘तुम्हांलाच कळणार नाही, सर.’

आणि खरेच कळले नाही. त्याने सांधा कुठे घ्यायचा ते मला दाखवले. आवाजाची लहर मधल्या रेषेला जिथे छेदते, तिथेच कापायचे. नाहीतर ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. दोन क्लिपांच्या कडा एकमेकींवर किंचित चढवायच्या, पहिली उतरती आणि दुसरी चढती. म्हणजे जुना तिरपा छेदच, फक्त ब्लेडशिवाय. मधे रिकामी जागा राहिली तर ती कोरी ठेवायची नाही, कारण कोरी शांतता कानाला खड्ड्यासारखी लागते. त्याच खोलीतल्या, गाणे नसलेल्या क्षणांचा आवाज तिथे भरायचा. आमच्या खोलीतला ‘गाणे नसलेला’ आवाज म्हणजे मागच्या गल्लीतल्या पावरलूमची खडखड. ती बऱ्हाणपुरात जन्मलेल्याला ऐकूच येत नाही. पोर म्हणाला, ‘सर, हा मागच खरा त्रास देतो. मिनिटाला शंभरावर फटके असतात, त्यामुळे सांध्यावर फटका चुकला की चोरी पकडली जाते.’ त्याने फटक्यावर फटका बसवून सांधा जुळवला. कारागिरी म्हणून मी आजही त्याला दाद देतो.

मग मी माझी मागणी पुढे केली. भावाविषयीच्या एका ओवीत आत्याने ‘भैया’ म्हटले होते. मी सत्तावीस वर्षे मुलांच्या वह्यांत ‘भैया’, ‘पानी’, ‘खाना’ या शब्दांखाली लाल रेघ ओढत आलो आहे. मराठी दिनाला आणि तेही ओवीत ‘भैया’! दुसऱ्या एका ओवीत तिने ‘बंधू’ म्हटले होते. ‘भैया’ दोन गुरू, ‘बंधू’ही दोन गुरू, छंदःशास्त्राच्या दृष्टीने आक्षेपाला जागा नाही. मी म्हटले, तिथला ‘बंधू’ उचल आणि इथे टाक. तो शब्द अर्ध्या तासानंतरचा होता, तोवर आत्याचा आवाज थोडा उतरला होता. पोराने त्याची पट्टी किंचित चढवली आणि बसवून टाकला.

कार्यक्रम झाला. ओव्या ऐकून बायकांनी डोळे पुसले. एक पाहुणे म्हणाले, ‘सीमेवर राहून इतकी शुद्ध मराठी!’ मी विनयाने मान खाली घातली.

घरी येऊन आत्याला ऐकवले. तिला त्या दिवशी गुडघ्यामुळे येता आले नव्हते. डोळे मिटून तिने सगळे ऐकले आणि दोन गोष्टी विचारल्या. दुसरी पुढे सांगतो. पहिली अशी:

‘दोन्ही खेपेले एकसारखं कसं काय आलं रे? जातं फिरलंच नाई वाटते.’

या एका वाक्यावर मी गेले वर्षभर विचार करतो आहे. पुनरुक्तीविषयी माझ्या अभ्यासक्रमातल्या पुस्तकांनी जे सांगितले, त्यापेक्षा यात अधिक आहे असे माझे मत झाले आहे. कागदावर ओवी ही दोन-तीन ओळींची गोष्ट असते. जात्यावर ती तशी नसते. ओळ फिरून म्हटली जाते, मधे ‘बाई’ किंवा ‘गं’ यांसारखे भरीचे शब्द येतात, कधी ओळीचा उत्तरार्ध आधी येतो. दुसऱ्यांदा ओळ म्हणेपर्यंत खुंटा फिरून आलेला असतो, मूठभर दाणे घातलेले असतात, पाळीला पीठ जमलेले असते, हात अर्ध्या दाण्याएवढा का होईना थकलेला असतो. ती ओळ दुसऱ्यांदा म्हटली जाते याचा अर्थ ती आता पुढच्या क्षणी म्हटली जाते. पहिली ओळ उचलून तिथे ठेवली तर शब्द पूर्ण होतात, चाल पूर्ण होते, पण मधला वेळ गेलाच नाही असे होते. जाते फिरत नाही.

आपली सगळी गानपरंपरा या फिरण्यावर उभी आहे. छापील गाथेत अभंगाच्या एका ओळीपुढे ‘॥ध्रु.॥’ अशी खूण असते, आणि पुढच्या प्रत्येक चरणानंतर ती ओळ पुन्हा छापलेली नसते. छापणाऱ्याने कागद वाचवला असे आपण समजतो. पण तिथे खूणच हवी, ओळ नको, असे मला आता वाटते. कारण दुसऱ्या चरणानंतर टाळकरी जे धृपद उचलतात त्यावर दुसऱ्या चरणाचा रंग चढलेला असतो, आणि शेवटच्या चरणानंतरच्या धृपदात सगळा अभंग साठलेला असतो. ते आधी कसे छापणार? खूण सांगते, ‘इथे परत या.’ कसे यायचे ते गाणाऱ्यावर सोडते. आज अनेक ठिकाणी भक्तिगीते आणि भावगीते ध्वनिमुद्रित होताना गायक मुखडा एकदाच नीट गातो आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर तोच चिकटवला जातो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गाणे तिसऱ्या कडव्यानंतर सपाट वाटू लागते. मी आता मुद्दाम ऐकतो. श्वास घेण्याचा बारीक आवाज तिन्ही वेळा त्याच जागी, त्याच लांबीचा आला, की समजावे.

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे सगळे माहीत होते. बालगंधर्वांच्या एकेका पदाला ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ मिळत. तेच पद पुन्हा मागणारा प्रेक्षक वेडा नव्हता; तेच पुन्हा मिळणार नाही, नवी जागा मिळेल, म्हणून तर तो मागत होता. उलट, ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून तिथे ‘वन्स मोअर’ला वावच नव्हता.

कोणी म्हणेल, मास्तर, ध्वनिमुद्रिका शंभर वेळा लावली तरी शंभरही वेळा तीच वाजते. तिचा राग का येत नाही? १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायणा’ची छप्पन गीते ऐकवली, ती ज्यांनी नंतर फितीवरून पुन्हापुन्हा ऐकली त्यांचे काय बिघडले? आक्षेप योग्य आहे. माझे उत्तर असे की, तिथे गाण्याच्या आतला वेळ अखंड असतो. मी एक घडून गेलेला प्रसंग पुन्हा पाहतो आहे हे मला ठाऊक असते, आणि दर वेळी बदललेला असतो तो मी. चिकटवलेल्या मुखड्यात मात्र गाण्याच्या पोटातलाच वेळ कापलेला असतो. आजोबांचे छायाचित्र शंभर वेळा पाहणे वेगळे, आणि एकाच छायाचित्रात आजोबा तीन खुर्च्यांवर बसलेले दाखवणे वेगळे.

नक्कल हीच मुळी वाईट, असे मात्र मला म्हणायचे नाही. सीमाभागातल्या वाचकांना जवळचे असलेले एक उदाहरण देतो. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणी हा मुलगा मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी, तान न् तान, हरकत न् हरकत. लोक थक्क होत. आजच्या भाषेत बोलायचे तर गळ्यानेच केलेले ‘कॉपी-पेस्ट’. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांचे शिक्षण झाले, आणि मुद्रिकेतले गाणे बाजूला सारून स्वतःचे गाणे शोधण्याचा प्रवास सुरू झाला. क्षयरोगामुळे ते आमच्या मध्य प्रदेशात देवासला येऊन राहिले, काही वर्षे गाणे थांबले, आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यात श्वासाचा तुटकपणा होता, छोटे छोटे स्वरपुंज होते, मधली शांतता होती. त्या शांततेला कोणी ‘दोष’ समजून कापून टाकले असते तर? ज्या मुलाने मुद्रिकांची हुबेहूब नक्कल केली, त्याच माणसाने पुढे बालगंधर्वांची गाणी गायली तेव्हा त्या कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ‘उमजलेले’ हा शब्द पाहावा. चिकटवणाऱ्याला उमजावे लागत नाही. त्याला जागा सापडली की पुरते.

उलट बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी यंत्राला नावे ठेवणारा म्हातारा ठरेन. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडल्या आणि पुढचे आयुष्य स्टुडिओत काढले. १९६६ च्या एका निबंधात त्यांनी बाखच्या एका रचनेची हकीकत दिली आहे. तिची दोन मुद्रणे बरी आली होती, सहावे आणि आठवे. एक जड आणि गंभीर, दुसरे हलके आणि उड्या मारणारे. सबंध ऐकले तर दोन्ही एकसुरी. गूल्डनी दोन्हींचे तुकडे जोडले, आणि जे तयार झाले ते दोहोंपेक्षा सरस होते असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. फ्रान्समध्ये पिएर शेफेर यांनी तर १९४८ मध्येच आगगाडीच्या आवाजांचे तुकडे जोडून रचना केली होती. तिथे सांधा हीच कला. पण गूल्ड आपलेच दोन प्रयत्न जोडत होते. निवड त्यांची, बोटे त्यांची, सही त्यांची. आत्याच्या ओवीत निवड माझी होती, आणि आवाज तिचा.

आता तिची दुसरी गोष्ट.

‘आवाज माहाच हाय, पन हे म्या नाई म्हनलं. तुह्या बापाले म्या बंधू कवा म्हनलं रे?’

वाचकहो, माझे वडील २००९ मध्ये गेले. ते आत्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. या घरात, या ओसरीवर, मी जन्मभर तिला त्यांना ‘भैया’ म्हणून हाक मारताना ऐकले. बऱ्हाणपूरच्या शाळेत हिंदी शिकलेली, शेजारी गुजराती आणि उर्दू ऐकत वाढलेली पोरगी भावाला ‘भैया’ म्हणाली, तेच तिच्या तोंडी बसले, ते घेऊनच ती रावेरकडे नांदायला गेली. तिथे पहाटे दळताना माहेरची आठवण काढायची ती ‘बंधू’ची कशी काढणार? ‘बंधू’ हा सासरच्या बायकांच्या ओव्यांतला शब्द; दुसऱ्या ओवीत तो जसा ऐकला तसा तिने म्हटला. पण या ओवीतला ‘भैया’ हा नुसता शब्द नव्हता, एका माणसाचे नाव होते. तो माणूस माझा बाप. मी लाल शाई घेऊन त्याच्यावर रेघ ओढली, आणि त्या जागी कोणाचाही असू शकेल असा एक बंधू चिकटवला. ऐकताना मला कसे कळले नाही याचे उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते मला शोभणारे नाही: त्या वेळी मी आत्याचे ऐकत नव्हतो, मराठी ऐकत होतो.

आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांतल्या मंडळींना हा मोह नेहमी पडतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला आपली मराठी सिद्ध करून दाखवावी लागत नाही, आपल्याला लागते. म्हणून आपण कार्यक्रमात बोलतो ती मराठी आणि ओसरीवर बोलतो ती मराठी यांच्यात धुलाई होते. माझ्या गल्लीचे नाव इतवारा, जवळच्या चौकाचे शनवारा. एका वारात जीभ हिंदी होते, दुसऱ्यात मराठी, आणि रिक्षावाल्याला त्याचे काही वाटत नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी बोली मराठीच्या खंडात न येता भिल्ली भाषांच्या सोबतीला बसवली गेली. विद्वानांचीच जिथे ही स्थिती, तिथे ओवीतल्या एका शब्दाची जात ठरवणारा मी कोण? आमच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी राजाने अरबी लेखाच्या सोबत संस्कृत लेख कोरून घेतला. दोन लिप्या एकाच दगडी भिंतीत शेजारी आहेत. कोणी त्यांची एक लिपी करून टाकली नाही. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना हौसेने तो लेख दाखवायला नेतो, आणि घरी येऊन ‘भैया’ खोडतो.

हे काम कसे करावे याचा नमुना मराठीतच होता. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखावर ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने ते सर्वांसाठी खुले केले. तिथे ओवीसोबत गाणारीचे नाव असते, गाव असते. लिहिलेली ओवी आणि गायलेली ओवी यांचे शब्द पुष्कळदा तंतोतंत जुळत नाहीत, आणि ते तसेच ठेवले आहेत. बहिणाबाईंची गाणी सोपानदेव चौधरींनी लिहून ठेवली म्हणून १९५२ मध्ये आपल्याला वाचायला मिळाली. त्यांनी आईची बोली पुस्तकी केली असती तर आज आपण काय वाचत असतो? ही नावे मी वर्गात दर वर्षी सांगतो. सांगणे आणि करणे यांतला सांधा मात्र मला लपवता आला नाही.

मोबाइलमधले मूळ मुद्रण मी कार्यक्रमाची छायाचित्रे मावावीत म्हणून पुसून टाकले होते. आत्याला पुन्हा म्हणायला सांगितले, तर म्हणाली, आता दम नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. पोराने मला पाहून आधी चहा मागवला.

त्याच्याकडे संकलनाची फाइल जपलेली होती. या सॉफ्टवेअरच्या २०२१ नंतरच्या आवृत्त्यांत एक सोय आहे: क्लिपची कड आत ढकलून भाग लपवला तर तो नष्ट होत नाही, कड धरून बाहेर ओढली की परत दिसतो. त्याने आधी ‘बंधू’ उचलून बाजूला केला. मग डावीकडच्या क्लिपची कड धरून हळूहळू उजवीकडे ओढली. पडद्यावर डोंगर पुन्हा उगवू लागले. त्याने वाजवले. मागाचा फटका, फटका, फटका, आणि मग ‘भैया’. खालच्या पट्टीत, थोडा घशात अडकलेला. पोर म्हणाला, ‘सर, हाच चांगला होता.’ दुसऱ्या वेळच्या ओळीचा खोकलाही त्याने तसाच काढून दिला. तिथे खोकल्यानंतर आत्या थांबते, आणि ओळ अर्ध्यापासून उचलते, जरा वेगळ्या वळणाने. ते वळण पहिल्या खेपेला नव्हते.

कार्यक्रमात ज्यांनी ती ओवी ऐकली त्यांच्यापैकी ज्यांचे फोन माझ्याकडे होते त्यांना मी दुरुस्त मुद्रण पाठवले, सोबत काय बदलले होते ते लिहून. शुद्ध मराठीवाल्या पाहुण्यांनाही पाठवले. त्यांचे उत्तर आले नाही. आत्याला संध्याकाळी ऐकवले. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच पाहत होती. तळहात गुडघ्यावर फिरत होता. संपल्यावर म्हणाली, ‘खोकला लय झाला होता मले तवा. काढाबी नाई करून देल्ला कोनी.’